कॅमेऱ्याच्या अ‍ॅपमध्ये साइन-इनच होत नाही, रविवारी मैदान आहे

हलगी
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूर आणि आसपासच्या गावांतल्या जत्रेच्या कुस्त्यांचे फोटो काढतो. कॅमेरा मिररलेस आहे आणि फोटो लगेच फोनवर घ्यायला कंपनीचंच अ‍ॅप वापरतो. कुस्ती निकाली झाली की पैलवान अंगावरची माती झटकायच्या आत त्याचा वस्ताद माझ्याकडं येऊन विचारतो, "फोटो निघाला न्हवं?" गावाकडं आईवडील व्हॉट्सअ‍ॅप उघडून बसलेले असतात. रात्री घरी जाऊन लॅपटॉपवरून पाठवलेल्या फोटोला ती किंमत राहत नाही. त्यामुळं हे अ‍ॅप माझ्यासाठी कामाचं हत्यार आहे.

अडचण अशी आहे. मध्यंतरी अ‍ॅप अपडेट झालं आणि आपोआप लॉग-आउट झालं. आता ईमेल टाकून पुढं गेलं की ब्राउझरसारखं पांढरं पान येतं, मधोमध गोल फिरत राहतं आणि शेवटी "साइन-इन करता आले नाही, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा" एवढंच. नंबर नाही, कारण नाही. फोन अँड्रॉइड १३ चा आहे, घरी फायबरचं वायफाय आहे, पासवर्ड बरोबर आहे. रविवारी मैदान आहे. कुणाला असं झालंय का? कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे वापरणारे मित्रही हेच सांगतात.

शाहूपुरी_क्लिक
अ‍ॅप काढून टाका आणि परत घ्या की. माझं तसंच सुटलं होतं.

पंचगंगाकाठ
हलगीदादा, अ‍ॅप लगेच काढू नका. अँड्रॉइडवर अ‍ॅपच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असलेल्या फाइली अ‍ॅप काढताच पुसल्या जातात. सेटिंगमधलं "स्टोरेज साफ करा" दाबलं तरी तेच होतं. काही अ‍ॅप कॅमेऱ्यातून घेतलेले फोटो थेट गॅलरीत टाकतात, काही आधी आपल्याच पोटात ठेवतात. आधी गॅलरीत जाऊन मागच्या मैदानाचे फोटो तिथं दिसतात का ते बघा. "कॅशे साफ करा" (म्हणजे तात्पुरत्या फाइली पुसणं) मात्र निर्धास्त दाबा, त्यानं फोटो जात नाहीत.

दुसरं, पासवर्ड सारखा सारखा टाकत राहू नका. बरेच सर्व्हर ठरावीक प्रयत्नांनंतर खातं काही काळ अडवून ठेवतात. मग मूळ अडचण सुटली तरी तुम्हाला आत घेत नाहीत आणि आपण आणखीच गोंधळतो.

आता मुद्द्याचं. साइन-इन आणि जोडणी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तालमीच्या वहीत नाव लिहिणं वेगळं आणि आखाड्यात जोड लागणं वेगळं, तसं. साइन-इनमध्ये तुमचा फोन इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो. जोडणीत फोन आणि कॅमेरा ब्लूटूथ किंवा वायफायवरून एकमेकांशी बोलतात, तिथं इंटरनेटची गरज नसते. घोटाळा होतो तो इथं, की फोटो पाठवायला कॅमेरा स्वतःचं एक छोटं वायफाय सुरू करतो. फोन त्याला जाऊन चिकटतो. त्या वायफायला इंटरनेट नसतं, पण फोनवर वायफायचं चिन्ह तर दिसतंच, म्हणून आपल्याला वाटतं नेट चालू आहे. अशा वेळी अ‍ॅपनं साइन-इन मागितलं की ते कधीच होणार नाही.

अँड्रॉइड त्या वेळी विचारतो, "या नेटवर्कला इंटरनेट नाही, तरीही जोडलेले राहायचे का?" तिथं कधीतरी "पुन्हा विचारू नका" वर टिचकी मारलेली असेल तर फोन पुढं गपचूप कॅमेऱ्याच्याच वायफायवर बसून राहतो. म्हणून पहिलं काम म्हणजे कॅमेरा बंद करायचा, बॅटरीच काढून ठेवली तरी चालेल. मग वायफायच्या यादीत घरचंच नाव दिसतंय याची खात्री करून साइन-इन करून बघा. काय झालं ते इथं लिहा.

हलगी
गॅलरीत सगळे फोटो आहेत, तो घोर मिटला. कॅमेऱ्याची बॅटरी काढली. घरच्या वायफायवर तेच पांढरं पान. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर केलं, तरी तेच.

बिंदूचौक
मग कंपनीचा सर्व्हरच पडला असेल. बसा वाट बघत.

पंचगंगाकाठ
बिंदूचौकभाऊ, असू शकेल, पण अंदाजानं नको, तपासता येतं. तीन गोष्टी अदलाबदल करून बघायच्या: खातं, फोन, नेट. हलगीदादा, घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर तेच अ‍ॅप टाकून तुमच्याच खात्यानं साइन-इन करून बघा. आणि लॅपटॉपवर कंपनीच्या वेबसाइटवर तेच खातं उघडतं का तेही बघा. लॅपटॉपवर उघडलं तर पासवर्ड, खातं आणि सर्व्हर तिन्ही ठीक आहेत. दुसऱ्या फोनवर अ‍ॅपमध्येही उघडलं तर अ‍ॅपही ठीक आहे. मग उरतो तो तुमचा फोन.

पडद्यावर कुठं तीन आकडी नंबर दिसला तर तोही लिहा. ४०१ म्हणजे ओळख पटली नाही, ४०३ म्हणजे परवानगी नाही, ४२९ म्हणजे फार वेळा प्रयत्न झाले, जरा थांबा. ५०० आणि ५०३ आले तर दोष समोरच्या सर्व्हरचा. तिथं आपण काही करून उपयोग नाही, तेवढा वेळ जाऊ द्यायचा.

कळंब्याची_ताई
मधेच विचारते, माफ करा. माझी अडचणही साइन-इनचीच आहे पण वेगळी. माझ्याकडं आधी आयफोन होता, आता अँड्रॉइड घेतलाय. शाळेच्या पन्हाळा सहलीचे सगळे फोटो कॅमेऱ्याच्या कंपनीच्या क्लाउडवर आहेत. नव्या फोनवर माझा ईमेल टाकला की "या ईमेलचे खाते नाही" असं येतं. पासवर्ड विसरला असं सांगितलं तर मेलच येत नाही. दोन वर्षं हाच ईमेल वापरतेय, मग खातं गेलं कुठं?

गुजरी_कट्टा
ताई, खातं पहिल्यांदा काढताना आयफोनवर "अ‍ॅपलने साइन-इन करा" हे काळं बटण दाबलं होतं का? अ‍ॅपलनं २०१९ मध्ये ती सोय आणली, त्यात "माझा ईमेल लपवा" असा पर्याय असतो. तो निवडला की कंपनीला तुमचा खरा पत्ता जात नाही. अ‍ॅपल एक अगम्य अक्षरांचा पत्ता तयार करून देतं, त्यावर आलेली पत्रं तुमच्या खऱ्या मेलवर पोचवतं. म्हणजे कंपनीच्या दप्तरी तुमचं खातं त्या लपवलेल्या पत्त्यावर आहे. तुमचा नेहमीचा ईमेल त्यांना माहीतच नाही, म्हणून खातं नाही असं उत्तर येतं.

जुना आयफोन हाताशी असेल तर सेटिंगमध्ये सगळ्यात वर आपल्या नावावर टिचकी मारा. तिथं अ‍ॅपलनं साइन-इन केलेल्या अ‍ॅपची यादी मिळते. कॅमेऱ्याच्या अ‍ॅपवर गेलात की तो लपवलेला पत्ता दिसेल, शेवट privaterelay.appleid.com असा असतो. फोन विकला असेल तर अ‍ॅपलच्या खात्याच्या वेबसाइटवरूनही तिथं जाता येतं.

मग दोन वाटा आहेत. नव्या फोनवरच्या अ‍ॅपमध्ये अ‍ॅपलचं बटण असेल तर तेच दाबा, अँड्रॉइडवरही ते ब्राउझरमधून चालतं. बटण नसेल तर "पासवर्ड विसरलो" मध्ये तो लपवलेला पत्ता टाका, पत्र तुमच्या खऱ्या मेलवर येईल. आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे खात्याचा ईमेल बदलून स्वतःचा टाका. आणि तोवर अ‍ॅपलच्या यादीतून ते अ‍ॅप काढू नका, काढलंत तर पत्रं पुढं यायची बंद होतील.

कळंब्याची_ताई
हो, काळंच बटण होतं. जुना आयफोन भावाकडं आहे. संध्याकाळी बघते.

शाहूपुरी_क्लिक
हेच गूगलच्या बटणाचंही होतं बघा. खातं गूगलच्या बटणानं काढलेलं असतं आणि माणूस खाली ईमेलच्या रकान्यात तोच ईमेल टाकून पासवर्ड आठवत बसतो. त्या खात्याला वेगळा पासवर्ड कधी ठेवलेलाच नसतो. पहिल्यांदा ज्या दारानं आत गेलात त्याच दारानं जावं लागतं.

हलगी
तपासलं. लॅपटॉपवर खातं उघडलं. बायकोच्या फोनवर अ‍ॅप टाकलं, माझ्याच खात्यानं झटक्यात साइन-इन झालं, तेही याच घरच्या वायफायवर. म्हणजे खोट माझ्या फोनमध्ये आहे. पण काय? बाकी सगळी अ‍ॅप चालतात. बँकेचं चालतं, यूट्यूब चालतं.

पंचगंगाकाठ
आता शोध सोपा झाला. त्या पांढऱ्या पानाकडं नीट बघा. वर एका पट्टीत वेबसाइटचा पत्ता आणि कुलपाचं चिन्ह दिसतं का? दिसत असेल तर ते पान अ‍ॅपचं नाही, तुमच्या फोनच्या ब्राउझरचं आहे. पूर्वी अ‍ॅप आपल्याच पडद्यावर पासवर्ड मागायची. त्यात अ‍ॅपला पासवर्ड वाचता येतो, ते धोक्याचं. गूगलनं आपल्या खात्यांसाठी तसली पद्धत २०१७ मध्ये बंद केली, आणि त्याच वर्षीच्या आरएफसी ८२५२ या इंटरनेटच्या तांत्रिक शिफारशीतही फोनचाच ब्राउझर वापरा असं सांगितलं आहे. म्हणून हल्ली अनेक अ‍ॅप साइन-इनपुरती ब्राउझर उघडतात, तिथं ओळख पटली की एक खुणेची चिठ्ठी घेऊन परत अ‍ॅपमध्ये येतात.

यात तुटण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. तुम्ही डीफॉल्ट ब्राउझर कुठला ठेवलाय? जाहिराती अडवणारा एखादा असेल तर तात्पुरता क्रोमला डीफॉल्ट करून बघा. ब्राउझरमध्ये सगळ्या कुकीज बंद असतील तर त्या सुरू करा. "अँड्रॉइड सिस्टम वेबव्ह्यू" (अ‍ॅपच्या आत वेबपान दाखवणारा तुकडा) आणि क्रोम दोन्ही प्ले स्टोअरमधून अपडेट करा. मार्च २०२१ मध्ये याच वेबव्ह्यूच्या एका सदोष अपडेटमुळं जगभरच्या अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप धडाधड बंद पडत होती. त्या छोट्या तुकड्यावर किती अ‍ॅप उभी आहेत ते तेव्हा सगळ्यांना कळलं.

आणखी एक जागा. साइन-इन यशस्वी होतं पण पान परत अ‍ॅपमध्ये येत नाही, असं असेल तर सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपच्या माहितीत जाऊन "बाय डीफॉल्ट उघडा" बघा. तिथं त्या अ‍ॅपच्या लिंक उघडायची परवानगी बंद असेल तर चिठ्ठी ब्राउझरच्याच हातात राहते.

व्हीपीएन, म्हणजे नेट दुसऱ्या सर्व्हरवरून वळवणारी सोय, असेल तर बंद करा. आणि फोनच्या नेटवर्क सेटिंगमधल्या "प्रायव्हेट डीएनएस" मध्ये काय लिहिलंय ते मला सांगा.

निवृत्त_मास्तर
वाचतोय, फार उपयोगी चर्चा आहे. माझा फोन जुना आहे, अँड्रॉइड ६. रंकाळ्यावरच्या पक्ष्यांचे फोटो काढतो, कॅमेराही जुनाच. माझ्या अ‍ॅपमध्ये साइन-इनला "सुरक्षित जोडणी होऊ शकली नाही" असं येतं. नातू म्हणतो फोन बदला. खरंच तेवढाच उपाय आहे का?

गुजरी_कट्टा
सर, आधी फोनची तारीख आणि वेळ बघा. बॅटरी पूर्ण उतरून फोन पुन्हा सुरू झाला की जुन्या फोनमध्ये तारीख कधी कधी मागं जाते. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटच्या प्रमाणपत्राला, म्हणजे तिच्या ओळखपत्राला, सुरू आणि समाप्तीची तारीख असते. फोनच्या तारखेनुसार ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसेल तर फोन त्यावर विश्वास ठेवत नाही. सेटिंगमध्ये "स्वयंचलित तारीख आणि वेळ" सुरू करा. ऑथेंटिकेटर अ‍ॅपवर सहा आकडी कोड घेणाऱ्यांनाही हे लागू आहे. तो कोड साधारण ३० सेकंदांनी बदलतो आणि वेळेवरूनच तयार होतो. घड्याळ पुढं-मागं असेल तर कोड बरोबर दिसूनही चुकीचा ठरतो.

पंचगंगाकाठ
सर, तारीख बरोबर असूनही तोच संदेश येत असेल तर कारण दुसरं असू शकतं. कुणाच्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवायचा याची यादी फोनच्या आतच असते आणि ती फोनच्या अपडेटबरोबर येते. लेट्स एन्क्रिप्ट नावाची संस्था असंख्य वेबसाइटना मोफत प्रमाणपत्रं देते. तिचं स्वतःचं मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड ७.१.१ पासूनच्या यादीत आहे, त्याआधीच्या फोनमध्ये नाही. जुन्या फोनसाठी केलेली पर्यायी सोय ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. तुमच्या कॅमेऱ्याची कंपनी तेच प्रमाणपत्र वापरत असेल तर तुमचा फोन तिथं अडणारच.

पण फोन बदलायची घाई करू नका. रंकाळ्यावर तुम्हाला फोटो लगेच कुणाला पाठवायचे नसतात. लक्ष्मीपुरीत साधा कार्ड रीडर मिळतो, तो फोनला लावायला छोटा ओटीजी जोड घ्या. कार्ड घालून फोटो फोनमध्ये काढून घ्या. अ‍ॅप नको, खातं नको, वायफाय नको, आणि फोटो मूळ आकारात येतात. वायफायवरून पाठवताना बरीच अ‍ॅप मुळातच लहान केलेला फोटो देतात, पक्ष्याच्या पिसांचे बारकावे त्यात जातात. तुमच्या कामाला कार्ड रीडरच चांगला.

निवृत्त_मास्तर
तारीख बरोबर आहे, म्हणजे दुसरंच कारण दिसतं. कार्ड रीडरचं पटलं. धन्यवाद.

राजारामपुरी_आठवी_गल्ली
एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे, कारण मी बँकेत काम करतो आणि हे रोज बघतो. साइन-इन अडलं की लोक "अमुक कॅमेरा कस्टमर केअर नंबर" असं शोधतात आणि वर आलेला पहिला नंबर फिरवतात. त्यातले कितीतरी नंबर भामट्यांनी टाकलेले असतात. आमच्याकडं एक गृहस्थ आले होते. समोरच्यानं गोड बोलून सांगितलं, तुमच्या खात्याची पडताळणी करायची आहे, हे अ‍ॅप टाका म्हणजे मला तुमची स्क्रीन दिसेल, आणि पाच रुपये भरा. पाच रुपये भरताना त्यांनी यूपीआय पिन दाबला तो समोरच्याला दिसत होता. पुढं काय झालं ते सांगायला नको.

कॅमेऱ्याच्या खात्यासाठी कुठलीच कंपनी पैसे भरायला लावत नाही आणि स्क्रीन शेअर करायला सांगत नाही. नंबर हवा असेल तर कॅमेऱ्याच्या खोक्यावरचा, वॉरंटी कार्डावरचा किंवा अ‍ॅपच्या आतल्या मदत पानावरचा घ्या. कुणी फसलंच तर क्षणाचाही उशीर न करता १९३० वर फोन करा, तो सायबर फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय क्रमांक आहे, आणि आपल्या बँकेलाही कळवा. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी कळलं तर ते अडवता येण्याची शक्यता असते. प्ले स्टोअरबाहेरून, कुणी पाठवलेल्या लिंकवरून "जुनं चालणारं अ‍ॅप" घेऊ नका. त्यात काय भरलंय ते आपल्याला दिसत नाही.

बिंदूचौक
हे लय महत्त्वाचं सांगितलंत. वर चिकटवून ठेवायला पाहिजे.

हलगी
प्रायव्हेट डीएनएस बघितलं. तिथं "ऑटोमॅटिक" नाही, एक कसलातरी पत्ता लिहिलाय, त्यात "अ‍ॅड" असं काहीतरी आहे. पुतण्यानं गेल्या महिन्यात जाहिराती बंद व्हाव्यात म्हणून बसवून दिलं होतं.

पंचगंगाकाठ
तेच बहुतेक. ते तात्पुरतं "ऑटोमॅटिक" करा, अ‍ॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, आणि साइन-इन करा.

का होतं ते सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही शोधता येईल. प्रायव्हेट डीएनएस ही सोय अँड्रॉइड ९ मध्ये, २०१८ ला आली. वेबसाइटच्या नावावरून तिचा खरा पत्ता कुणाला विचारायचा ते त्यात ठरतं. जाहिराती अडवणारा डीएनएस आपल्या यादीतल्या नावांचा पत्ताच देत नाही, म्हणून जाहिरात येत नाही. पण साइन-इनचं पान एकाच ठिकाणाहून येत नाही. माणूस आहे की यंत्र ते तपासणारा तुकडा एकीकडून, मोजमाप करणारा दुसरीकडून, असे तुकडे जोडून ते पान बनतं. त्यातला एक तुकडा अडवणाऱ्याच्या यादीत असला की बाकी पान त्याची वाट बघत फिरत राहतं. तुम्हाला दिसलेलं गोल तेच. अपडेटच्या आधी तुम्ही आतच होता, ते पान उघडायची वेळच आली नव्हती, म्हणून महिनाभर काही कळलं नाही.

आणि घरच्या वायफायवर, मोबाइल डेटावर, दोन्हीकडं का अडत होतं? कारण हे सेटिंग फोनचं आहे, वायफायचं नाही. फोन जाईल तिथं ते बरोबर जातं. वहिनींच्या फोनमध्ये ते नाही, म्हणून तिथं झालं.

हलगी
झालं! ऑटोमॅटिक केलं, अ‍ॅप उघडलं, पान भरभर आलं, आत गेलो. पंचगंगाकाठ, तुमचे उपकार.

पण पुढं नवं उगवलं. आता कॅमेरा जोडायला गेलो तर अ‍ॅप म्हणतं, "हा कॅमेरा दुसऱ्या खात्याशी नोंदणीकृत आहे." मी तर नवा घेतलाय, खोकं माझ्यासमोर फोडलंय.

शाहूपुरी_क्लिक
दुकानातल्या पोरानं जोडून दाखवला होता का?

हलगी
हो. काउंटरवर त्यानंच आपल्या मोबाइलवर सगळं चालू करून दाखवलं. नंतर मी माझ्या फोनला जोडला आणि आजवर चालत होता. या नव्या अपडेटनंतरच खात्याची अट आलेली दिसते.

पंचगंगाकाठ
मग खातं त्याचं आहे. काही कंपन्यांच्या बाबतीत कॅमेरा एका खात्यावर नोंदला की दुसऱ्या खात्याला तो मिळत नाही. चोरीला आळा बसावा, वॉरंटी योग्य माणसाला मिळावी म्हणून ते ठीकही आहे. पण दुकानात माणूस आपल्या खात्यावर जोडतो आणि काढायचं राहून जातं. यात कॅमेऱ्याचं नेटवर्क सेटिंग पुसून उपयोग होत नाही, कारण नोंद कंपनीच्या सर्व्हरवर आहे, कॅमेऱ्यात नाही.

दुकानात जा. त्यानं स्वतःच्या अ‍ॅपमध्ये "माझी उपकरणे" उघडून तुमचा कॅमेरा काढायला हवा. कॅमेऱ्याच्या तळाचा सिरियल नंबर आणि त्याच्या यादीतला नंबर जुळवून बघा, त्याच्या यादीत तसल्याच मॉडेलचे आणखीही असतील. तो पोरगा नोकरी सोडून गेला असेल तर कंपनीच्या सेवा केंद्राला लिहा, सोबत बिल जोडा. बिलावर सिरियल नंबर छापलेला आहे का ते आत्ताच बघा. नसेल तर दुकानदाराकडून सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या. सेकंडहँड कॅमेरा घेणाऱ्यांनी तर पैसे द्यायच्या आधी विकणाऱ्याला समोर बसवून त्याच्या खात्यातून कॅमेरा काढायला लावावा.

कळंब्याची_ताई
माझं झालं! भावाच्या घरी जाऊन यादी बघितली. कसलातरी विचित्र अक्षरांचा पत्ता होता. त्यावर पासवर्ड मागितला, पत्र माझ्या मेलमध्ये आलं, पण प्रमोशनच्या कप्प्यात पडलं होतं. आत गेल्यावर ईमेल बदलला. पन्हाळ्याचे सगळे फोटो जागेवर आहेत, तीन दरवाजाजवळचा मुलांचा समूहफोटो बघून जीव भांड्यात पडला. गुजरी_कट्टा, खूप आभार.

गुजरी_कट्टा
वा! प्रमोशनचा कप्पा मी सांगायला हवा होता, कोड मागितलेल्या सगळ्यांनी तो आणि स्पॅम बघावाच. एकापेक्षा जास्त वेळा कोड मागितला तर सहसा शेवटचाच चालतो, आधीचे रद्द होतात. परदेशी कंपन्यांचा एसएमएस कोड आपल्याकडं कधी कधी येतच नाही. इथं व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्याला आपलं नाव आणि मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो, नोंद जुळली नाही तर संदेश मधेच अडतो. अशा वेळी कोड ईमेलवर मागा.

हलगी
दुकानात जाऊन आलो. पोरगा तिथंच आहे, भला माणूस आहे. त्यानं लगेच यादी उघडली, सिरियल जुळवून माझा कॅमेरा काढला. तिथंच उभं राहून माझ्या खात्यावर जोडला आणि दुकानाच्या फळ्याचा एक फोटो फोनवर येऊन पडलेला बघितला. मालकानं सांगितलं, यापुढं गिऱ्हाइकाच्याच फोनवर जोडून देऊ.

पंचगंगाकाठ
छान. आता रविवारसाठी एक तयारी घरीच करा. मैदानावर, त्यातून जोतिबाच्या चैत्र यात्रेसारखी गर्दी असली की, टॉवरवर एवढे फोन लटकतात की नेट नावापुरतं उरतं. तिथं अ‍ॅपनं साइन-इन मागितलं तर काही करता येत नाही. म्हणून आदल्या दिवशी घरी मोबाइल डेटा आणि घरचं वायफाय बंद करा, फक्त कॅमेऱ्याच्या वायफायवर राहून अ‍ॅप उघडा आणि फोटो घेऊन बघा. नेट नसताना अ‍ॅप आत येऊ देत असेल तर तुम्ही मोकळे. तिथंही साइन-इन मागत असेल तर मैदानावर कार्ड रीडर खिशात ठेवा, तो कुणाची परवानगी मागत नाही.

आणि फोटो आले की व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवण्याआधी कॅमेऱ्याचं वायफाय सोडा. पाठवलेला फोटो घड्याळाच्या खुणेवर अडकला, की बहुतेक फोन अजून कॅमेऱ्यालाच चिकटलेला असतो.

हलगी
केलं. नेट बंद ठेवून अ‍ॅप उघडलं, फोटो आले, साइन-इन मागितलं नाही. तरी कार्ड रीडर बॅगेत टाकलाय.

शाहूपुरी_क्लिक
एक शंका. मैदानाच्या दिवशीच परत अपडेट येऊन लॉग-आउट झालं तर?

पंचगंगाकाठ
प्ले स्टोअरमध्ये त्या अ‍ॅपचं पान उघडा, वर उजवीकडं तीन ठिपके आहेत, तिथं "ऑटो-अपडेट" समोरची खूण काढा. कॅमेऱ्याचं फर्मवेअरही (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) मैदानाच्या तोंडावर बदलू नका. अपडेट कायमची बंद ठेवायची नाहीत, त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात. सोमवारी घरी, चांगलं नेट आणि हाताशी वेळ असताना हातानं अपडेट करा, आणि लगेच साइन-इन तपासून घ्या.